जरीब, खळं आणि मोबाइल

मोबाइलमुळे समाजात काय बदलतंय हे तपासणारे अभ्यासक हल्ली नुसत्या आकड्यांवर भागवत नाहीत. सर्वेक्षणाचे तक्ते, मुलाखती आणि प्रत्यक्ष निरीक्षण हे सगळं ते एकमेकांशी ताडून पाहतात. या मिश्र पद्धतीचं कूळ पाठ्यपुस्तकं थोडक्यात उरकतात: डोनाल्ड कॅम्पबेल आणि डोनाल्ड फिस्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा १९५९चा निबंध, आणि पुढे त्या ताडून पाहण्याला मिळालेलं ‘ट्रँग्युलेशन’ म्हणजे त्रिकोणमापन हे नाव.

या नावाची उसनवारी कुठून झाली? अभ्यासक टॉड जिक यांनी १९७९मध्ये बोट दाखवलं ते नौकानयन आणि लष्करी डावपेचांकडे. पण त्रिकोणमापन मुरलं ते जमीन मोजणीत. मोजणीदार विल्यम लॅम्टनने १८०२मध्ये मद्रासजवळून सुरू केलेली त्रिकोणांची माळ उत्तरेकडे नेता नेता १८२३मध्ये हिंगणघाटला देह ठेवला, तो याच कामात. तरीही त्रिकोण सांगतो ती फक्त जागा. त्या जागेत काय पिकतं आणि ते कुणाच्या घरी जातं, हे त्याला विचारून उपयोग नाही. मिश्र पद्धतीचा खरा पूर्वज त्यामुळे मोजणीदारापेक्षा महसूलदारात शोधायला हवा, आणि तो औरंगाबादेत, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, सापडतो.

१६५३मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला. त्याच्याबरोबर मुर्शिद कुली खान हा खुरासानी दिवाण होता. खानाकडे आधी बालाघाटची दिवाणी होती, १६५६पासून सगळ्या दख्खनची आली. लढाया आणि दुष्काळांनी मुलूख उजाड झालेला. खानाने सारा ठरवण्याच्या तीन रीती वापरल्या. काही ठिकाणी नांगरामागे ठरीव रक्कम, काही ठिकाणी खळ्यावर राशीची बटाई: पावसाच्या पिकात निम्मा वाटा सरकारचा, विहिरीच्या पाण्यावरच्या धान्यात एक तृतीयांश. तिसरी रीत जरिबेची, म्हणजे शेत मोजून बिघ्यावर दर बसवण्याची. खाफीखानाच्या इतिहासात नोंद आहे, की जरिबेचं, म्हणजे मोजणीच्या दोरीचं, एक टोक दिवाण कित्येकदा स्वतःच धरी.

यावर आक्षेप दोन. पहिला, ही अकबराच्या तोडरमलची नक्कल होती. मोजणी तोडरमलची हे खरं, पण खानाने जुन्या रीती मोडल्या नाहीत, हे त्याचं वेगळेपण. दुसरा आक्षेप वजनदार आहे: तीन रीती तीन वेगळ्या ठिकाणी वापरल्या, तर ताळा कुठे झाला? उत्तर जरिबेच्या दरातच आहे. तो दर नुसत्या क्षेत्रावर बसत नसे. पेरणीपासून काढणीपर्यंत पीक किती आणि कसं आलं, बाजारात भाव काय, हे पाहून तो ठरे. एकाच शेताला दोरी, डोळा आणि बाजार असे तीन साक्षीदार होते.

ही नजर खानाला इथल्याच मातीत मिळाली असणार. १६१०मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवणाऱ्या निजामशाहीतल्या मलिक अंबरने आधी प्रत्यक्ष उत्पन्नाचा वाटा धान्यात घेतला आणि काही हंगामांच्या अनुभवानंतर तो रोख रकमेत बदलला, असं इतिहासकार ग्रँट डफ लिहितो. गावोगावच्या पाटील-कुलकर्ण्यांना पीक पाहून अंदाज बांधायची सवय त्या काळापासून असावी. खानाने तिला जरिबेची जोड दिली.

तीच पाहणी आता फोनमध्ये आली आहे. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी शेतात उभा राहून गट क्रमांक, हंगाम, पीक आणि क्षेत्र भरतो, फोटो काढतो. अक्षांश-रेखांश फोन टिपतो, दहा टक्के नोंदी तलाठी तपासतो. शेतकऱ्याचं म्हणणं, चित्र, ठिकाण आणि सरकारी डोळा एका नोंदीवर येतात, तेव्हा दिवाणाच्या कारभाराशी तिचं नातं स्पष्ट दिसतं.

संभाजीनगर जिल्ह्यातल्या डिजिटल जगण्याच्या अभ्यासाला याहून चांगली सुरुवात मिळणं कठीण आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं आढळलं, स्त्रियांत हेच प्रमाण ३३.३ टक्के. सातबारा बाईच्या नावावर असेल तर तिची नोंद कोण भरतं? सर्व्हरला खातं कळतं, बोट कळत नाही. फोन मुलाचा होता की शेजाऱ्याचा, आणि कपाशीत तुरीचं तास असताना ‘निर्भेळ पीक’ निवडलं की ‘मिश्र पीक’, आणि का, हे बांधावर बसून विचारावं लागतं. ते उत्तर मग तालुक्याच्या आकड्यांशी ताडून पाहता येतं.