शुश्रूषा : हलकें काम कीं विद्या?

आजाऱ्यास औषध देणें हें शास्त्र. परंतु त्यास न्हाऊं घालणें, वस्त्र बदलणें, शौचास नेणें हें हलकें काम, अशी समजूत आपल्या सुशिक्षित घरांतहि खोल रुजलेली आहे. ती कशी मोडूं लागली, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

१८९७ सालच्या प्लेगांत पुण्यानजीक पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यांत सावित्रीबाई फुले यांनीं रुग्णांची सेवा केली व त्याच सांथींत १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. तो एका थोर स्त्रीचा त्याग होता. अशा सेवेस पद्धतशीर शिक्षणाची जोड देण्याचें कार्य १९०९ सालीं स्थापन झालेल्या पुणें सेवासदनानें हातीं घेतलें. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर हे त्याचे आधारस्तंभ. परक्या रुग्णाच्या अंगास हात लावणें पांढरपेशा समाजास रुचत नव्हतें. तरीहि विधवांची व मुलींची समजूत घालून त्यांना ससून रुग्णालयांत परिचर्येचे धडे देण्यांत आले. जें निमूटपणें करावयाचें काम होतें, तें प्रतिष्ठेचें व पोटापाण्याचें साधन झालें.

पुढें १९६३ सालीं अमेरिकेंत क्लीव्हलंड येथील डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनीं याच कामांचें मोजमाप बसविलें. स्नान, वस्त्र नेसणें, शौचास जाणें, अंथरुणावरून उठणें, मलमूत्रावरील ताबा व जेवणें, या सहांपैकीं रुग्णास स्वतः काय करतां येतें, तें पाहावयाचें. बरें होतांना जेवणें व ताबा आधीं परत येतात. स्नान व वस्त्र सर्वांत शेवटीं.

यांतील बोध मोठा आहे. अर्धांगवायूच्या वृद्धास आपण मायेनें घास भरवितों, आणि उरलेलें बळहि नकळत हिरावून घेतों. हात चालत असेल तर घास त्यालाच घेऊं द्यावा. वेळ लागला तरी लागूं द्यावा. पडण्याचें भय असेल तेथें मात्र आधार हवा.

आमच्या सिन्नरास कारखाने आले, घरांतील कर्तीं माणसें दिवसभर बाहेर असतात. वडीलधाऱ्यांपाशीं पगारी माणूस ठेवण्याची वेळ अनेकांवर येते. त्या माणसास आपण गडी समजतों कीं एका विद्येचा जाणकार, यावर आपल्या वडिलांची अब्रू अवलंबून आहे. कारण कामास हलकें लेखलें, कीं तें ज्याच्यासाठीं करावयाचें तोहि हलका ठरतो.