जाते, गीत आणि मन : श्रमसंगीताच्या इतिहासाची एक तुलनात्मक मांडणी

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. ओवीच्या इतिहासात तो नेहमी प्राचीनतेचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. परंतु त्याचे महत्त्व तेवढ्यापुरते नाही. त्या एका वाक्यात गीताचे नाव, गाणारी व्यक्ती आणि तिचे हात ज्या कामात गुंतले आहेत ते काम, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. 1290 मधील ‘ज्ञानेश्वरी’नंतर ओवीचा विचार प्रामुख्याने ग्रंथांतील छंद म्हणून झाला आणि त्या त्रयीतील नंतरच्या दोन गोष्टी अभ्यासाच्या कडेला गेल्या. गीतामुळे काम करणाऱ्या मनावर नेमका कोणता परिणाम होतो, हा प्रश्नही त्यांच्याबरोबर मागे पडला.

या प्रश्नाला आधुनिक काळात मिळालेले सर्वांत प्रभावी उत्तर जर्मन अर्थशास्त्रज्ञ कार्ल ब्यूखर यांचे आहे. 1896 मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रम आणि लय यांवरील आपल्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, शरीराच्या श्रमात एक नैसर्गिक लय असते, ती लय श्रम सुसह्य करते आणि संगीत व काव्य यांचा उगम या लयीतच शोधावा लागतो. जात्यावरच्या दळणाकडे पाहता हे प्रतिपादन पटण्याजोगे वाटते. दोघी जणी समोरासमोर बसतात. खुंट्यावर दोघींचे हात असतात. एकीचा हात ओढतो तेव्हा दुसरीचा ढकलतो. मोकळ्या हाताने तोंडात वैरण घातली जाते आणि वरची तळी अखंड फिरत राहते. एकीने ओळ उचलावी, दुसरीने तिला साथ द्यावी, चरण पुन्हा घोळवावा आणि मग पुढे जावे, ही गायनाची रीत खुंट्याच्या फेऱ्याशी जुळलेली असते. पहाटेची वेळ, झोपेतून पुरते न उठलेले अंग आणि संपता न संपणारे दळण, अशा स्थितीत सूर हा हाताचा आधार होतो, यात शंका नाही.

तथापि, तुलनात्मक दृष्टीने पाहिल्यास या उपपत्तीची मर्यादा लवकरच स्पष्ट होते. जाते हे एकट्या महाराष्ट्राचे साधन नाही. विजापूर जिल्ह्यातील हलसंगी येथील साहित्यप्रेमी मित्रमंडळाने संकलित केलेला ‘गरतिय हाडु’ हा कन्नड गीतसंग्रह 1931 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दळताना म्हणावयाची पदे आहेत आणि त्यांचा प्रमुख छंद त्रिपदी आहे. भोजपुरी, मगही आणि मैथिली प्रदेशांत जात्याला ‘जाँत’ म्हणतात आणि त्यावरच्या गीतांना ‘जँतसार’. रामनरेश त्रिपाठी यांनी ‘कविता कौमुदी’च्या ग्रामगीतांच्या भागात ही गीते हिंदी वाचकांसमोर आणली. मराठी ओवी आणि कन्नड त्रिपदी दोन-तीन चरणांत एक भाव पुरा करून थांबतात. पुढची ओवी वेगळ्याच विषयाकडे वळू शकते. जँतसार मात्र बहुधा दीर्घ कथागीत असते. त्यात परदेशी गेलेला पती, सासरचा छळ, भावाची वाट पाहणारी बहीण, अशी एखादी कहाणी संथपणे उलगडत जाते.

साधन तेच, वेळ तीच, हाताची गतीही फारशी वेगळी नाही, तरीही गीतांची घडण भिन्न आहे. लय हेच गीताचे संपूर्ण कारण असते, तर असे घडले नसते. जात्याची गती गीताला ताल देते. त्या तालात काय सांगावयाचे आणि ते तुकड्यातुकड्यांनी सांगावयाचे की कहाणीच्या ओघात, हे मात्र त्या स्त्रियांचे सामाजिक जीवन आणि त्या त्या भाषेतील काव्यपरंपरा ठरवतात. कलकत्त्याला, आसामच्या मळ्यांवर आणि सागरापलीकडच्या वसाहतींत पुरुष वर्षानुवर्षे जात राहिले, त्या प्रदेशात विरहाची कथा जात्यावर दीर्घ होत गेली असेल, तर त्यात आश्चर्य नाही.

मग गीताने मनावर घडवलेला परिणाम कोणता? येथे जात्याचा आणखी एक गुण लक्षात घ्यावा लागतो, तो म्हणजे त्याची घरघर. ती घरघर गाण्याला साथ देते, तसाच एक पडदाही उभा करते. घरातील इतर माणसे झोपेत असतात आणि जागी असली तरी दळणाऱ्या बाईचे गाणे हा रोजच्या आवाजांपैकी एक आवाज असतो. तो कोणी कान देऊन ऐकत नाही. सासूसमोर ज्या शब्दांचा उच्चार शक्य नाही, ते शब्द या पडद्याआड उच्चारता येतात. असंख्य ओव्यांत जात्यालाच ईश्वर म्हणून साद घातलेली आढळते. मनातले गुज उघड करण्याजोगा तोच एक श्रोता असल्याचे त्या सुचवतात. माहेराची ओढ, भावाची सधनता, मुलीच्या जन्माचे दुःख, पंढरीची वाट, नवऱ्याचा अबोला, हे सारे विषय त्या एका श्रोत्यापुढे मांडले जातात. याला केवळ मनोरंजन म्हणता येणार नाही आणि निव्वळ सांत्वनही म्हणता येणार नाही. गीत येथे मनाला उल्हसित करण्यापेक्षा मोकळे करते. ज्या तासावर घराचा पूर्ण अधिकार आहे, त्याच तासाचा काही भाग गाणारी स्त्री स्वतःकडे घेते.

जात्यावर बसलेली स्त्री आणखी एक गोष्ट करते. ती मोठ्यांना आपल्या जागी आणून बसवते. प्लुटार्कने लेस्बॉस बेटावरील एका दळणगीताची नोंद केली आहे. एरेसॉस येथील दळणारी स्त्री ते गात होती आणि त्या गीतात तेथील सत्ताधीश पिटाकस हाही दळतो असे म्हटले होते. त्यात उपहास आहे की आपुलकी, यावर विद्वानांचे एकमत नाही. मराठीत जनाबाईच्या नावावरील अभंगांत आणि तिच्याविषयीच्या कथांत विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागतो. या दोन उदाहरणांमध्ये कोणताही ऐतिहासिक संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु एकीकडे राजा आणि दुसरीकडे देव खुंट्याला हात लावतो, हे साम्य अर्थपूर्ण आहे. दळण हे हलके काम मानले जाते. गीतामध्ये मात्र सर्वोच्च पुरुषही त्या कामातून सुटत नाही. काम तेवढेच उरते, पण कामाची प्रतिष्ठा बदलते. मनःस्थितीवरील परिणामाचा विचार करताना हा प्रतिष्ठेचा भाग विसरून चालणार नाही.

ओवीचे हे जग कालातीत, स्थिर होते असा समजही दुरुस्त करावयास हवा. आगगाडी, मुंबईच्या कापडगिरण्या, चाकरीसाठी घर सोडून गेलेला नवरा, हे सारे ओव्यांत शिरले. 1996 मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांमध्ये दलित स्त्रियांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या गीतांचा नायक केले आहे. परंपरेने देव, भाऊ आणि मुलगा यांना दिलेली जागा तेथे एका आधुनिक नेत्याला मिळाली. ज्यांच्या हाती लेखणी आली नव्हती त्यांनी राजकीय स्वाभिमानाची भाषा खुंटा धरलेल्या हातांनीच घडवली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

विसाव्या शतकात श्रम आणि संगीत यांचा संबंध एका निराळ्या दिशेने जुळवला गेला. ब्रिटनमध्ये वायट आणि लँग्डन या संशोधकांनी 1937 मध्ये कारखान्यांतील एकसुरी कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. संगीतामुळे कंटाळा कमी होतो आणि उत्पादनास मदत होते, असे त्यांना आढळले. 23 जून 1940 पासून बीबीसीने कामगारांसाठी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा नभोवाणी कार्यक्रम सुरू केला आणि तो 1967 पर्यंत चालला. संगीत कसे असावे, कसे नसावे, याचे नियम ठरले. या इतिहासातील एक लहानशी घटना फार बोलकी आहे. ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस’ या लोकप्रिय गीतात टाळ्यांची जागा होती. टाळ्यांसाठी कामगारांच्या हातातील हत्यारे सुटतील, या भीतीने 1942 मध्ये कारखान्यांच्या वेळात ते गीत वाजवणे बंद करण्यात आले.

ओवी आणि हा कार्यक्रम यांतील अंतर या घटनेतून नेमके उमगते. दळणाऱ्या स्त्रीचा हात गीतात सामील झाल्याशिवाय गीतच उभे राहत नाही. कारखान्यात मात्र हात गीतात सामील होणे हाच धोका ठरतो. तेथे कामगाराने ऐकावे अशी अपेक्षा आहे, गावे अशी नाही. दोन्हीकडे संगीतामुळे श्रम हलके होतात, दोन्हीकडे मनावर परिणाम होतो. परंतु एकीकडे मन स्वतःला व्यक्त करते आणि दुसरीकडे त्याची व्यवस्था लावली जाते. 1957 मध्ये विविध भारती सुरू झाल्यानंतर आणि पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर भारतीय स्वयंपाकघरांत आणि शेतांतही ऐकण्याचे संगीत पोहोचले. त्याने कामाच्या तासांना मोठी सोबत दिली, हे मान्य केले पाहिजे. ऐकलेली गाणी लोकांनी गुणगुणून आपलीशीही केली. तरी त्या गाण्यांतील शब्द गुणगुणणाऱ्याचे नव्हते.

याच काळात पिठाच्या गिरण्या खेडोपाडी पसरत गेल्या आणि जाते कोपऱ्यात गेले. मराठीत कापडाची गिरणी आणि पिठाची गिरणी यांना एकच शब्द आहे. पहिलीने घरातला पुरुष मुंबईला नेला, दुसरीने घरातली ओवी थांबवली. मात्र या बदलाविषयी केवळ हळहळ व्यक्त करणे अभ्यासकाला परवडणारे असले, तरी ज्या हातांना घट्टे पडत होते त्यांच्यावर ते अन्याय करणारे आहे. दळणकांडण करून पोट भरणे ही विधवेच्या आणि निराधार स्त्रीच्या वाट्याला येणारी शेवटची सोय होती. गिरणीने हे कष्ट वाचवले आणि स्त्रियांनी तिचे स्वागत केले. हानी झाली ती वेगळ्या ठिकाणी. कष्टाबरोबर बोलण्याची राखीव जागाही गेली आणि तिच्या बदल्यात दुसरी जागा कोणी देऊ केली नाही. आजच्या मराठीत ‘दळण दळणे’ म्हणजे तेच तेच कंटाळवाणे बोलत राहणे. भाषेने दळणातला एकसुरीपणा स्मरणात ठेवला, त्यावरचे गाणे विसरले.

जे वाचले ते संकलकांमुळे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या एकत्र केल्या. बहिणाबाई चौधरी यांची घरोट्याच्या सहवासात उमललेली कविता त्यांच्या निधनानंतर, 1952 मध्ये पुस्तकरूपाने वाचकांसमोर आली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी पुण्यातून चालवलेल्या प्रकल्पात एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या टप्प्याटप्प्याने प्रकाशात आणल्या आहेत. छापील पानावर मात्र ओवी दोन ओळींत आटोपते. घोळवलेला चरण, वैरण घालतानाचा थांबा, दुसरीने दिलेली साथ हे सारे तेथे गळून जाते, आणि वाचक तिला एखादी लहानशी भावकविता समजून ‘करुण’ वा ‘वत्सल’ असे नाव देतो.

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासापुढील प्रश्न येथेच आहे. श्रमगीतांचे वर्गीकरण भावानुसार करणे सोपे असते, पण त्यामुळे ते गीत कोणी, कोणाच्या कानाआड आणि कोणाच्या मालकीच्या वेळात गायिले, हे झाकले जाते. ‘मानसोल्लासा’तील उल्लेखाने गीताशेजारी गाणारी आणि तिचे काम यांना जागा दिली होती. ओवी, त्रिपदी आणि जँतसार यांना एकत्र वाचताना तेवढी जागा पुन्हा मोकळी करावी लागेल. संगीताने मनावर काय केले, या प्रश्नाचे उत्तर मग सुरांपेक्षा खुंट्यावरच्या हातांकडून अधिक नेमके मिळेल.