मुक्त, पण फुकट नव्हे : लिनक्सवरच्या आवाजाची गोष्ट

घरातल्या खोलीत स्टुडिओ थाटणाऱ्याला सगळ्यात जास्त छळतो तो उशीर. तबल्यावर थाप आत्ता पडते आणि हेडफोनमध्ये किंचित नंतर ऐकू येते. या उशिराला लेटन्सी म्हणतात.

कॉम्प्युटर आवाज सलग हाताळत नाही, त्याचे गठ्ठे करतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि एका गठ्ठ्यात १०२४ नमुने ठेवले, तर एक गठ्ठा भरायला २१ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवेतून आवाज सात मीटर जातो. म्हणजे तबला आपल्यासमोर, पण कानाला तो शेजारच्या खोलीत! गठ्ठा १२८ नमुन्यांचा केला, तर हाच वेळ तीन मिलिसेकंदांच्या आत येतो.

मग गठ्ठा लहानच का ठेवू नये? कारण मग सेकंदाला ३७५ गठ्ठे वेळेवर तयार व्हावे लागतात. पाच मिनिटांच्या गाण्यात १,१२,५००. त्यातला एक जरी चुकला, तरी रेकॉर्डिंगमध्ये 'टक्' असा आवाज येतो. मी दिवसा सर्व्हरसाठी कोड लिहितो आणि रात्री लिनक्सवर धाकट्या भावाचं गाणं रेकॉर्ड करतो. दिवसाच्या कामात सरासरी वेळ चांगला आला की सगळे खूश असतात. रात्रीच्या कामात सरासरीला काही किंमत नाही.

आणि लिनक्स बांधला गेला तो सरासरीसाठीच. १९९१ मध्ये लिनस टॉरव्हल्ड्सने त्याची घोषणा केली, तेव्हा आवाज हा विषयच नव्हता. पुढच्या वर्षी फिनलंडच्याच हन्नू सावोलाइनेनने साउंड ब्लास्टर कार्डासाठी ड्रायव्हर लिहिला. त्यातून ओएसएस ही पहिली ध्वनिव्यवस्था उभी राहिली. पुढे तिची सुधारित आवृत्ती विकत मिळू लागली. १९९८ मध्ये चेक प्रोग्रामर यारोस्लाव किसेलाने अल्सा हा मुक्त प्रकल्प सुरू केला. २००३ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या कर्नल २.६ मध्ये अल्सा मुख्य प्रवाहात आला. आजही लिनक्सवर साउंड कार्डाशी बोलणारा तळाचा थर तोच आहे.

ड्रायव्हर मिळाला, तरी वेळेची हमी मिळाली नव्हती. कर्नल म्हणजे जणू काउंटरवरचा जुना कारकून. हातातली वही पूर्ण झाल्याशिवाय तो मान वर करत नसे. तो डिस्कच्या कामात गुंतला असेल, तर आवाजाचा गठ्ठा रांगेत ताटकळायचा. १९९९ च्या सुमारास संगीतवाल्या प्रोग्रामरांनी हा खोळंबा मोजायला सुरुवात केली. इंगो मोल्नार, अँड्र्यू मॉर्टन यांच्यासारख्या कर्नल लिहिणाऱ्यांनी तो कमी करणारे पॅच लिहिले.

याच काळात पॉल डेव्हिस या खेळात उतरला. तो अॅमेझॉनच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रामरांपैकी एक. ती नोकरी सोडल्यानंतर काही वर्षांनी त्याने आर्डर हे मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. त्याच कामातून आणि इतरांशी झालेल्या चर्चांतून जॅक तयार झाला. एका प्रोग्रामचा आवाज दुसऱ्यात नेणारी ही जणू न दिसणारी केबल, आणि तीही कमीत कमी उशिराची.

पण घराघरांतल्या लिनक्सला जॅक नको होता. गाणी ऐकणाऱ्याला उशिराशी देणंघेणं नसतं, त्याला बॅटरी टिकायला हवी असते. त्याच्यासाठी लेनार्ट पोटरिंगचा पल्सऑडिओ आला. २००७ च्या फेडोरा ८ मध्ये तो आपोआप बसू लागला. एकाच साउंड कार्डावर दोघांचा दावा! जॅक सुरू केला की ब्राउझर मुका व्हायचा. लिनक्सवर संगीत करणाऱ्यांची एक अख्खी पिढी हे भांडण सोडवण्यात गेली.

ते मिटवलं विम टायमन्सच्या पाइपवायरने. गंमत म्हणजे या प्रकल्पाची सुरुवात व्हिडिओसाठी झाली होती. २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने आवाजाचं कामही त्याच्याकडे सोपवलं. जॅकसाठी लिहिलेले प्रोग्राम आणि ब्राउझर आता एकाच छताखाली नांदतात.

कर्नलच्या कारकुनाची गोष्ट मात्र आणखी लांबली. त्याला कुठल्याही क्षणी मान वर करायला लावणारे रिअल-टाइम पॅच २००४ च्या सुमारास आकाराला येऊ लागले. ते संपूर्णपणे मुख्य कर्नलमध्ये आले २०२४ मध्ये, ६.१२ आवृत्तीत. वीस वर्षं! मध्ये एकदा, २०१४ मध्ये, पैशाअभावी हे काम जवळजवळ थांबलं होतं. दुसऱ्या वर्षी लिनक्स फाउंडेशनने पुढाकार घेतला आणि कंपन्यांकडून निधी आला. कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्यांनाही वेळेची हीच हमी हवी होती. एकट्या संगीतकारांची गरज इतकी छोटी होती की तिच्यासाठी कुणी थैली सोडली नसती.

इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दाने फार घोळ घातला आहे. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत : मुक्त आणि फुकट. आर्डरचा सोर्स कोड मुक्त आहे, कुणीही घ्यावा आणि बदलावा. पण त्यांच्या साइटवरून तयार प्रोग्राम हवा असेल, तर पैसे द्यावे लागतात. अनेक लिनक्स वितरणांत तो तसाच मिळतो, म्हणून बरेच जण देत नाहीत. मी दर महिन्याला थोडे देतो. भावाला ते पटत नाही. 'मिळतंय ना तसंच,' असं त्याचं म्हणणं.

तुम्हाला हे करून बघायचं असेल, तर आधी दोन गोष्टी तपासा. ऑडिओ इंटरफेस वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारा, म्हणजे क्लास कम्प्लायंट, असावा. आणि तुमचे आवडते प्लगिन लिनक्सवर मिळतात का, ते बघा. कितीतरी नामांकित प्लगिन आजही मिळत नाहीत. ही अडचण खरी आहे आणि कितीही प्रेम असलं तरी ती लपवू नये. हे जमत असेल, तर जुना लॅपटॉपही पुरतो. आमच्याकडचा सात वर्षांचा आहे. त्यावर १२८ नमुन्यांच्या गठ्ठ्याने भाऊ गातो आणि त्याचा आवाज त्याला वेळेवर ऐकू येतो.