तगरच्या नाण्याचा ‘अग्घ’

पावसाळा सरल्यावर तेर परिसरातील एक तरुण उपासक आमच्याकडे आला. त्याच्या रुमालाच्या गाठीत शिशाचे एक नाणे होते. पावसाने पांढरीची माती वाहून गेली, की तेरणेच्या काठच्या टेकाडांवर अशी नाणी, मणी आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे उघडे पडतात, हे तेथील लहान मुलांसही ठाऊक असते. नाण्याच्या एका अंगास हत्ती, दुसऱ्या अंगास चार वर्तुळांचे ते चिन्ह, ज्यास नाणकशास्त्रात उज्जयिनी चिन्ह म्हणतात. नाणे सातवाहनकालीन हे निश्चित. राजाचे नाव मात्र वाचता येईना, कारण घरच्या मंडळींनी चिंच व राख लावून ते लख्ख घासले होते. तरुणाचा प्रश्न साधा होता : “सर, याचे किती येतील?” त्याच्या ऐकण्यात लाखांचे आकडे होते. जुन्या नाण्यांना लाखो रुपये देऊ करणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहावे, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जनतेस बजावले आहे. पण जाहिरात जितकी दूर पोहोचते तितका इशारा पोहोचत नाही.

आम्ही पालीचे अभ्यासक, नाण्यांचे व्यापारी नव्हे. तथापि ‘याचे मोल किती?’ हा प्रश्न पाली साहित्यास नवा नाही. विनयपिटकातील दुसऱ्या पाराजिकेचे मूळच या प्रश्नात आहे. धनिय नावाच्या कुंभारपुत्र भिक्खूने राजगृहात राजाचे लाकूड नेले. तेव्हा भगवंतांनी, पूर्वी न्यायदानाचे काम केलेल्या एका भिक्खूस विचारले, की बिंबिसार राजा किती मोलाच्या चोरीस दंड करतो? एक पाद, किंवा पादाच्या मोलाची वस्तू, असे उत्तर आले. नियमाची मर्यादा त्यावरून ठरली.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांच्या समन्तपासादिकेने या पादाचा हिशेब दिला आहे. राजगृहात तेव्हा वीस मासकांचा एक कहापण होता. म्हणून पाद पाच मासकांचा. इतर जनपदांतही कहापणाचा चौथा भाग तो पाद. यापुढील वाक्य आमच्या दृष्टीने अमूल्य आहे. हा हिशेब पुरातन ‘नील कहापणा’चा, ‘रुद्रदामक’ आदी इतर नाण्यांचा नव्हे, असे अट्ठकथा बजावते. रुद्रदामक म्हणजे पश्चिम क्षत्रप रुद्रदामन याच्या नावाचे नाणे. जुना आहत कार्षापण सुमारे ३२ गुंजांचा, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅमचा. क्षत्रपांचे चांदीचे नाणे त्याहून बरेच हलके. नाव तेच, मोल निराळे, हे सिंहलातील विहारांत बसलेल्या आचार्यांनी नेमके हेरले होते. आपल्याकडे धम्मग्रंथ इतिहासाचे साधन म्हणून वाचताना अशा ओळी नजरेतून सुटतात, ही आमची जुनी तक्रार आहे.

मोल ठरविताना पाच स्थाने तोलावीत, असेही हीच अट्ठकथा सांगते : वत्थु, काल, देस, अग्घ आणि परिभोग. वस्तू कोणाची, तिच्यावरील हक्क मालकाने सोडला होता काय, कोणत्या वेळचा भाव धरायचा, कोणत्या स्थळाचा, वस्तू नवी की जुनी, आणि वापराने ती झिजली काय. ‘देसा’साठी दिलेली कथा मोठी बोलकी आहे. समुद्रातील एका बेटावर एका भिक्खूने नारळाच्या करवंटीचे सुबक पाणपात्र घडविले व ते तेथेच ठेवून तो चेतियगिरीस गेला. दुसऱ्याने ते चोरून चेतियगिरीसच आणले. मोल कोठले धरावे? गोदत्त थेरांनी निर्णय दिला, की जेथून उचलले तेथले. आणि त्या बेटावर तर लोक खोबरे खाऊन करवंट्या जळणासाठी टाकून देतात. मोल उरले ते केवळ हातकामाचे, तेही मासकभर किंवा त्याहून कमी.

या पाच स्थानांवर आमच्या तरुण मित्राचे नाणे ठेवून पाहू.

तेर म्हणजे प्राचीन तगर. ही ओळख फ्लीट यांनी १९०१ मध्ये पटविली. पुढे कझिन्स यांनी तेथील वास्तूंची पाहणी केली आणि १९५८ च्या उत्खननाचा वृत्तांत चापेकरांनी लिहिला. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी ग्रंथात पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर असल्याचे म्हटले आहे. तेथून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांतून बिकट वाटांनी भडोचला जाई. त्याच ग्रंथात भडोचच्या बाजारासंबंधी दोन गोष्टी नमूद आहेत. रोमकांची सोन्याचांदीची नाणी तेथे आणून स्थानिक चलनात बदलली, तर नफा होतो, ही एक. दुसरी अधिक लक्षणीय : अपोलोडोटस व मिनँडर यांच्या नावांचे जुने द्रम्म तेथे अद्याप चालतात. मिनँडर म्हणजे मिलिंदपञ्हातील राजा मिलिंद, ज्याचे नाव डॉ. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयास दिले. राजा जाऊन सुमारे दोनशे वर्षे लोटली, राज्य उरले नाही, तरी त्याचे नाणे भडोचात चालत होते. ते चालत होते चांदीवर आणि विश्वासावर, जुनेपणावर नव्हे.

त्या काळच्या पैशाने काय मिळे, याचा पक्का हिशेब नाशिकच्या लेण्यात कोरलेला आहे. नहपानाचा जावई उषवदात याने ४२ व्या वर्षी संघासाठी ३००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. त्यांपैकी २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने. उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेचे व्याज वर्षास २४० होते. लेखात म्हटले आहे, की वर्षावासातील वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब कवडीनेही चुकत नाही. मुद्दल खर्चावयाचे नाही, फक्त व्याज. हा व्यवहार निगमसभेत ऐकविला गेला व फलकावर नोंदविला गेला. त्याच लेखात ७०,००० कार्षापणांच्या अन्य एका दानाचा उल्लेख असून, पस्तीस कार्षापणांस एक सुवर्ण या दराने त्याचे २००० सुवर्ण होतात. तेव्हा कार्षापणाचे मोल विचारणाऱ्यास प्राचीन महाराष्ट्राचे उत्तर असे : एका भिक्खूच्या वर्षाच्या चीवराचा बारावा भाग, आणि एका सुवर्णाचा पस्तिसावा. बाबासाहेबांनी १९२३ च्या आपल्या रुपयाविषयीच्या ग्रंथात चलनाचा विचार त्याच्या क्रयशक्तीच्या अंगाने केला. विणकरांच्या त्या श्रेणीस हा विचार परका वाटला नसता.

शिशाचे नाणे या हिशेबात फार खाली येते. ते हाटातल्या किरकोळ देवघेवीचे चलन.

आता आजचा बाजार. तेथे चार गोष्टी पाहतात : नाणे किती दुर्मिळ, ठसा किती स्पष्ट, घेणारे किती, आणि ते अस्सल आहे याची खात्री किती. वय यांत जवळजवळ मोजले जात नाही. आहत नाणी दोन हजारांहून अधिक वर्षांची. पण त्यांचे निधी इतके सापडले आहेत, की साधे नाणे मध्यम मिळकतीच्या संग्राहकासही परवडते. उलट ग्रीक लिपीत ‘बोद्दो’ असे लिहिलेले, बुद्धमूर्ती असलेले कनिष्काचे सुवर्णनाणे अगदी मोजके आढळते, म्हणून त्याचे मोल प्रचंड आणि बनावट प्रतीही भरपूर. आमच्या बांधवांना येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सातवाहन आणि क्षत्रप नाण्यांवरील कमानींच्या राशीस काही विक्रेते ‘चैत्य’ म्हणून दाखवितात व ‘बौद्ध नाणे’ म्हणून जादा दाम घेतात. ते चिन्ह चैत्याचे की पर्वताचे, यावर विद्वानांत मतभेद आहेत आणि ते आहत नाण्यांवरही येते. श्रद्धेचे पैसे मोजून घेणाऱ्यास आपण बळी पडू नये.

आमच्या तरुणाच्या नाण्याचा ‘परिभोग’ चिंचेने संपविला होता. अस्पष्ट, घासलेल्या, शिशाच्या सामान्य नाण्यास बाजारात काही शे रुपयांवर कोणी काही देणार नाही. त्याचा चेहरा उतरला.

पण ‘देस’ हे स्थान राहिलेच होते, आणि व्यापारी ते मोजत नाही. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा निधी मिळाला. नाणी तेरा हजारांहून अधिक, आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. इतक्या संख्येमुळे ही नाणी बाजारात तशी सुलभ आहेत. पण नहपानाची सत्ता संपून त्याचा पैसा सातकर्णीच्या हाती आला, हे जे आपण आज ठामपणे म्हणतो, ते या नाण्यांकडे एकत्र, एका जागचा निधी म्हणून पाहता आले यामुळे. तीच नाणी एकेक करून वेगवेगळ्या गावी विकली गेली असती, तर प्रत्येकाचा दाम तोच आला असता आणि इतिहास मात्र गेला असता.

तेरला तर रोमक नाण्यांच्या भाजक्या मातीतील नकला मिळाल्या आहेत. लोक त्या अंगावर अलंकार म्हणून घालीत असावेत. त्यांत धातूचा कणही नाही. तेथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात जी संपत्ती आज दिसते ती एका गृहस्थाने गावोगावचे असे तुकडे वेचून जपल्यामुळे. विटांचा स्तूप आणि चैत्याकार वास्तू असलेल्या या नगरीत कोणत्या टेकाडावर कोणत्या राजाचे नाणे पडले, यावरून कोणत्या वस्तीचा काळ कोणता हे ठरणार आहे. नाणे मुंबईच्या दुकानात गेले, की ते केवळ ‘सातवाहन, शिसे’ उरते.

‘वत्थु’चा, म्हणजे मालकीचा, निकाल कायद्याने दिला आहे. १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो, की जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे. कळवायचे काय? निधीचे स्वरूप व अंदाजे मोल, सापडल्याचे स्थळ, सापडल्याचा दिवस. आम्ही कलम वाचले तेव्हा थबकलो : वत्थु, अग्घ, देस, काल. पाचांपैकी चार स्थाने तेथे होती. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये परवान्याशिवाय अशा वस्तूंचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीस त्या परदेशी पाठविता येत नाहीत.

आम्ही दोघांनी मिळून तो अर्ज लिहिला. सोनाराच्या काट्यावर नाण्याचे वजन केले, दोन्ही अंगांची छायाचित्रे घेतली. मोल ‘अंदाजे तीनशे रुपये’ असे घातले. स्थळासाठी त्याने आधी नुसते ‘तेर’ लिहिले होते. ते खोडून त्याने शेताचा गट क्रमांक लिहिला, नदीपासूनचे अंतर पावलांत लिहिले, आणि मग थोडे थांबून, त्याच चरीत जळक्या विटा व लाल खापरेही दिसली होती, हे आठवून जोडले. ती खापरे अजून तेथेच आहेत काय, असे आम्ही विचारले. आहेत, तो म्हणाला, त्यांना कोण नेणार!