वैज्ञानिक संख्यालेखन

वैज्ञानिक संख्यालेखन ही अतिशय मोठ्या किंवा अतिशय लहान संख्या सुटसुटीतपणे लिहिण्याची पद्धत आहे. या पद्धतीत कोणतीही शून्येतर संख्या 'अ × १०^न' या रूपात मांडतात. येथे ^ हे चिन्ह घात दर्शवते. घातांक 'न' हा पूर्णांक असतो, तर गुणक 'अ' चे केवल मूल्य किमान १ आणि १० पेक्षा कमी असते.

लेखनाची रीत

दशांश चिन्ह पहिल्या शून्येतर अंकानंतर येईल असे सरकवतात. ते जितकी स्थाने डावीकडे सरकते तितका धन घातांक, आणि उजवीकडे सरकल्यास तितका ऋण घातांक येतो. निर्वातातील प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, म्हणजेच २.९९७९२४५८ × १०^८ मीटर आहे. त्याचप्रमाणे ०.०००४५ ही संख्या ४.५ × १०^−४ अशी लिहितात. ४५ × १०^−५ चे मूल्य तेवढेच असले, तरी गुणक १० पेक्षा मोठा असल्याने ते प्रमाण रूप ठरत नाही. घातांक एकाने चुकल्यास मूल्य दहापट बदलते.

सार्थ अंक

'१५०० मीटर' या नोंदीतील शेवटची दोन शून्ये मोजमापातून आली की केवळ स्थान भरण्यासाठी लिहिली, हे कळत नाही. १.५ × १०^३ मध्ये दोन, तर १.५०० × १०^३ मध्ये चार सार्थ अंक असल्याचे स्पष्ट होते. त्यामुळे गुणकाच्या शेवटची शून्ये विनाकारण गाळू किंवा वाढवू नयेत.

आकडेमोड

गुणाकारात गुणकांचा गुणाकार आणि घातांकांची बेरीज करतात. सूर्यप्रकाश पृथ्वीवर पोहोचण्यास सुमारे ५ × १०^२ सेकंद लागतात. म्हणून सूर्य-पृथ्वी अंतर (३ × १०^८) × (५ × १०^२) = १५ × १०^१०, म्हणजेच प्रमाण रूपात सुमारे १.५ × १०^११ मीटर येते. बेरीज-वजाबाकीपूर्वी मात्र घातांक समान करून घ्यावे लागतात.

गणकयंत्राच्या पडद्यावर '३ई८' अशा अर्थाची नोंद रोमन अक्षराने दिसते. तिचा अर्थ ३ × १०^८ असा आहे. ३ चा आठवा घात, म्हणजे ६५६१, असा नव्हे.

संख्यानामांशी तुलना

भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या ग्रंथातील संख्यानामे परार्धापर्यंत, म्हणजे १०^१७ पर्यंत जातात. ॲव्होगॅड्रो स्थिरांकाचे मूल्य, ६.०२२१४०७६ × १०^२३ प्रति मोल, त्यापलीकडचे आहे. 'बिलियन' या नावाचा अर्थही काही भाषांत १०^९, तर काहींत १०^१२ असा होतो. घातांकात लिहिलेल्या संख्येबाबत असा संभ्रम राहत नाही.