पानावरचे आवाज : बायबलच्या आवृत्त्या पारखताना

‘कोणते बायबल घ्यावे?’ पाळकांना, संडे स्कूलच्या शिक्षकांना आणि चर्चबाहेर पुस्तकांचे टेबल मांडून बसलेल्या माणसाला हा प्रश्न नेहमी विचारला जातो. विचारणारा बहुधा घाईत असतो. नवविवाहितांना भेट द्यायची असते, आईला मोठ्या टायपातली प्रत हवी असते, इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाला समजेल असे काही हवे असते. त्याला एका नावात उत्तर हवे असते आणि ते देताही येते. प्रस्तुत ग्रंथ मात्र त्या उत्तरानंतरच्या वाचकासाठी आहे. प्रत घरी आली, उघडली, वाचायला सुरुवात झाली. आता त्या पानावर कोणकोण बोलत आहे हे त्याला कसे कळावे?

बायबलच्या पानावर मूळ लेखकाखेरीज पुष्कळ माणसे हजर असतात. हस्तलिखिते ताडून पाठ ठरवणारे, भाषांतर करणारे, परिच्छेद पाडणारे, मथळे देणारे, तळटिपा लिहिणारे. मननपर आवृत्ती असेल तर रोजच्या उताऱ्याखाली दोन शब्द आणि एक प्रार्थना लिहिणाराही त्यात येतो. यांतल्या बहुतेकांनी भक्तिभावाने आणि कष्टाने काम केलेले असते. त्यांचे आवाज वेगवेगळे ओळखणे आणि प्रत्येकाने आपले काम किती प्रामाणिकपणे केले ते पाहणे, यालाच मी आवृत्तीची पारख म्हणतो.

सर्वांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. येशूचे शब्द लाल शाईत छापलेली बायबले आपण सगळ्यांनी हाताळली आहेत. ही प्रथा प्राचीन नाही. न्यू यॉर्कमधले संपादक लुई क्लॉप्श यांनी १८९९ साली असा नवा करार छापला आणि दोन वर्षांनी संपूर्ण बायबल. कल्पना भक्तीतून आलेली होती आणि ती लोकांना मनापासून आवडली. परंतु लाल शाई लावायची तर येशूचे बोलणे कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे ठरवावे लागते, आणि ग्रीक हस्तलिखितांत अवतरणचिन्हेच नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय उघडून पाहा. निकदेम रात्री भेटायला येतो, संवाद सुरू होतो, आणि मग केव्हातरी निकदेम कथेतून नाहीसा होतो. सोळावे वचन, लहान मुलांना सर्वांत आधी पाठ करायला लावतात ते, येशूच्या तोंडचे की शुभवर्तमानकाराचे? १९५२ च्या इंग्रजी ‘रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्शन’ने येशूचे बोलणे पंधराव्या वचनाशी संपवले. ‘न्यू इंटरनॅशनल व्हर्शन’ने १९८४ च्या आवृत्तीत ते एकविसाव्यापर्यंत नेले आणि २०११ च्या आवृत्तीत पंधराव्यावर आणले. ग्रीक पाठ तोच होता. विद्वानांचा निर्णय बदलला. वचनाची थोरवी यामुळे कणभरही कमी होत नाही. पण लाल रंग हा संपादकाचा अभिप्राय आहे, हे वाचकाला ठाऊक असलेच पाहिजे.

मथळ्यांचे तर याहून गंभीर. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकात स्टीफन लँगटन यांच्याकडून आली, नव्या करारातले वचनांचे आकडे १५५१ मध्ये पॅरिसचे मुद्रक रॉबर एतियेन यांनी घातले, आणि मथळे प्रत्येक आवृत्ती आपापले देते. आता इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय पाहा. एकविसाव्या वचनात पौल सर्वांना एकमेकांच्या अधीन राहायला सांगतो आणि बाविसाव्यात पत्नींकडे वळतो. या पत्राची जी अतिप्राचीन साक्ष आपल्यापाशी आहे, म्हणजे सुमारे इ. स. २०० चा पपायरस आणि चौथ्या शतकातली व्हॅटिकन प्रत, त्यांत बाविसाव्या वचनाला क्रियापदच नाही. ते आधीच्या वचनातून घ्यावे लागते. म्हणजे व्याकरणानेच ही दोन वाक्ये एकमेकांना बांधलेली आहेत. तरीही कित्येक आवृत्त्या नेमक्या या दोहोंच्या मध्ये ‘पती-पत्नींची कर्तव्ये’ अशा धर्तीचा ठळक मथळा घालतात. वाचक मथळ्यापासून वाचू लागतो, आणि परस्परांच्या अधीन राहण्याची गोष्ट वरच्या परिच्छेदात राहून जाते. लग्नात हा उतारा वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्या प्रतीत मथळा कुठे आहे ते एकदा पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या एका ओळीने किती घरांतले वाद ठरवले गेले असतील!

चौकटी कंसांविषयी मात्र भीती नको. मार्काच्या शेवटच्या अध्यायात आठव्या वचनानंतर, किंवा योहानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचाराच्या आरोपाखाली धरून आणलेल्या स्त्रीच्या प्रसंगाभोवती कंस दिसला की ‘नव्या बायबलांनी वचने काढून टाकली’ अशी कुजबुज सुरू होते. घडले ते वेगळेच. इरॅस्मसने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापला तेव्हा त्याच्या हाताशी मोजकी आणि बरीच उशिराची हस्तलिखिते होती. प्रकटीकरणाच्या प्रतीचे शेवटचे पानच नव्हते, म्हणून अखेरची सहा वचने त्याने लॅटिनवरून उलट ग्रीकमध्ये केली. त्या परंपरेतल्या पाठावर १६११ चे ‘किंग जेम्स’ उभे आहे. पुढे सीनाय पर्वतावरच्या मठातली चौथ्या शतकातली प्रत विद्वानांसमोर आली. तिच्यात आणि व्हॅटिकन प्रतीत मार्क आठव्या वचनालाच थांबतो. कंस घालणारा संपादक वाचकाला विश्वासात घेऊन सांगत असतो की ही वचने चर्चने शतकानुशतके वाचली आहेत, परंतु जुन्यात जुन्या प्रतींत ती नाहीत. हे सांगणारी आवृत्ती मला गप्प राहणाऱ्या आवृत्तीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते. मोबाइलवर वाचणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की अनेक अ‍ॅपमध्ये तळटीप बोट लावल्याशिवाय उघडत नाही.

शब्दशः भाषांतर बरे की भावार्थाचे, या वादाला पुढे स्वतंत्र प्रकरण दिले आहे. इथे मराठीपुरता एक मुद्दा मांडतो, कारण इंग्रजी वाचकांसाठीच्या ग्रंथांत तो सहसा येत नाही. शिष्य तारवात असताना वादळ उठते, येशू उशी घेऊन झोपलेला असतो, शिष्य त्याला उठवतात आणि आपला जीव जात असल्याचे सांगतात. त्यांच्या तोंडी मराठीत ‘आम्ही’ घालावे की ‘आपण’? ग्रीकला हा प्रश्न पडत नाही, इंग्रजीलाही नाही. मराठी भाषांतरकाराची मात्र त्यातून सुटका नाही. ‘आम्ही’ म्हटले तर गुरूला धोका नाही, बुडतो ते आम्हीच, आणि त्याला त्याची पर्वा नाही, अशी तक्रार होते. ‘आपण’ म्हटले तर गुरूही आपल्याबरोबर बुडेल, तो कोण आहे हे अजून त्यांना उमगलेलेच नाही, असे चित्र उभे राहते. पौलाच्या पत्रांत तर हा पेच पानोपानी येतो. ‘आम्ही प्रेषित’ की ‘आपण सर्व विश्वासणारे’, यावर अख्ख्या परिच्छेदाचा रोख ठरतो. तू-तुम्ही-आपण हा आदराचा प्रश्न त्यालाच लागून येतो. पिलात येशूला काय म्हणून हाक मारतो, शोमरोनी स्त्रीच्या बोलण्यातला आदर संवादाबरोबर वाढत जातो का, हे मराठीला ठरवावेच लागते. मराठी बायबल पारखताना अशा चार-दोन जागा पाहिल्या तरी भाषांतरकार प्रसंगात किती शिरला होता ते कळते.

मराठीची ही परंपरा लहान नाही. विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने श्रीरामपूरला केलेला नवा करार १८११ चा. तिथपासून बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’ आणि वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ इथपर्यंत हे काम चालत आले आहे. या सर्वांत पंडिता रमाबाईंच्या कामापुढे मी पुन्हा पुन्हा थांबतो. केडगावच्या मुक्ती मिशनचा एवढा संसार सांभाळत, उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, त्यांनी संपूर्ण बायबल एकटीने मराठीत आणले. प्रचलित भाषांतर खेड्यातल्या साध्या बाईला समजत नाही, ही त्यांची तळमळ होती. मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या स्त्रियांनी ते छापले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या काही वाक्यरचना आज खडबडीत वाटतात, कारण मूळ शब्दाला धरून राहण्याचा त्यांचा आग्रह होता. तरीही कोणासाठी भाषांतर करायचे हे इतके स्पष्ट ठरवून केलेले दुसरे काम मला मराठीत दिसत नाही, आणि पारखणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा.

आता टिपांकडे. १५६०च्या जिनिव्हा बायबलच्या समासातल्या टिपा राजे जेम्स यांना खटकत. निर्गमच्या पहिल्या अध्यायात सुइणी फारोची आज्ञा मोडून मुलगे जिवंत ठेवतात. तिथे ती अवज्ञा योग्य ठरवणारी टीप होती. म्हणून १६११ च्या नव्या भाषांतरात हिब्रू-ग्रीक शब्दांच्या खुलाशापलीकडे टीप नको, असा नियमच झाला. तीन शतकांनी, १९०९ मध्ये स्कोफील्ड यांचे संदर्भ बायबल आले. त्यात देवाच्या योजनेचे सात कालखंड पाडणाऱ्या टिपा वचनांच्याच पानावर होत्या, आणि पुष्कळ वाचकांच्या मनात टीप व वचन एकजीव झाले. टिपा असाव्यात, मला त्या हव्या आहेत. पण ‘काही अभ्यासकांच्या मते’ असे कुठेच न म्हणणारी टीप सावधपणे वाचावी.

मननपर आवृत्त्यांविषयी आपल्याकडे जवळजवळ कोणी गांभीर्याने लिहीत नाही, आणि सर्वांत जास्त वाचल्या जातात त्या याच. ऑस्वल्ड चेंबर्स यांचे जगप्रसिद्ध रोजनिशीवजा मननाचे पुस्तक १९२७ चे; चेंबर्स १९१७ मध्येच वारले होते. त्यांची व्याख्याने पत्नी बिडी यांनी लघुलिपीत टिपून ठेवली होती. त्यांतून उतारे निवडून, जोडून, दिवसवार लावले ते तिने. वाचक रोज सकाळी ज्या आवाजाशी बोलतो त्यात तिचाही आवाज आहे.

अशा आवृत्तीची कसोटी एकच ठेवली तरी पुरे : वचनाखालचा विचार त्या उताऱ्यातून उगवला आहे की बाहेरून आणून ठेवला आहे? यिर्मया २९:११ घ्या. वर्षअखेरच्या उपासनेत अनेक मंडळ्यांत वचनांची कार्डे उचलतात, आणि हे वचन ज्याच्या हाती येते त्याचा चेहरा उजळतो. भविष्य चांगले आहे, देवाच्या मनात हिताचे संकल्प आहेत, असे ते सांगते. पण ते आहे बाबेलला बंदिवान करून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटका होईल असे सांगून टाळ्या मिळवतो. यिर्मया ते खोटे ठरवतो. तो लिहितो की घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याचे कल्याण मागा, कारण सत्तर वर्षे लागणार आहेत. ते पत्र ऐकणाऱ्या चाळिशीच्या माणसाला परतीची वाट दिसणारच नव्हती. मननपर आवृत्तीने हे सांगितले तर नोकरी गेलेल्या, आजार न हटणाऱ्या वाचकाला वचनाचा खरा आधार मिळतो. न सांगितले तर त्याच्या हाती हनन्याचाच संदेश यिर्मयाच्या नावाने पडतो. याला मी लहान चूक मानत नाही.

कोणती स्तोत्रे गाळली आहेत तेही पाहावे. कॅथलिक चर्चच्या १९७१ च्या प्रार्थनाविधीत ५८, ८३ आणि १०९ ही शापवाणीची स्तोत्रे घेतलेली नाहीत. ते उघडपणे, कारण देऊन केले. कित्येक मननपुस्तके मात्र अंधारातच संपणारे ८८ वे स्तोत्र मुकाट्याने ओलांडतात, आणि ज्याला त्या दिवशी तेच हवे असते तो वाचक रिकाम्या हाताने परततो.

प्रॉटेस्टंट वाचकांच्या प्रतीत ६६ पुस्तके आणि कॅथलिकांच्या प्रतीत ७३ का, याचा इतिहास दुसऱ्या प्रकरणात आहे; ज्यांना तो ठाऊक आहे त्यांनी ते सोडून पुढे जावे. बाकीची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. हिब्रू-ग्रीक येत नाही म्हणून कोणी संकोचू नये. दोन वेगळ्या भाषांतरांच्या प्रती आणि एक पेन्सिल जवळ असावी. आधी दोन्ही प्रतींच्या प्रस्तावना वाचाव्यात, कोणत्या मूळ पाठावरून भाषांतर केले आहे आणि कोणत्या वाचकासाठी, हे तिथे सांगितले आहे का ते पाहावे. मग मार्काच्या चौथ्या अध्यायातले ते वादळ दोन्हींत मोठ्याने वाचावे.