पोटरीतला गोळा आणि एप्समचे मीठ

आमच्या हिंगोलीकडची नर्सी हे नामदेवांचे गाव. तेथून आषाढी वारीसाठी पंढरपूरला दिंडी निघते. मुक्कामी कीर्तन संपले, माणसे आडवी झाली, की मध्यरात्री एखादा वारकरी कळवळून उठून बसतो. पोटरीत गोळा आलेला असतो. शेजारचा न बोलता उठतो, त्याचा अंगठा धरून पाऊल गुडघ्याकडे ओढतो आणि तेलाचा हात फिरवतो. दोन मिनिटांत गोळा उतरतो.

हे दुखणे वारीइतकेच, किंबहुना वारीहूनही जुने आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वाताचे ऐंशी विकार मोजले आहेत. त्यांत ‘पिंडिकोद्वेष्टन’ असे एक नाव येते. पिंडिका म्हणजे पोटरी, उद्वेष्टन म्हणजे पिळवटणे. आपली पिंढरी ही त्या पिंडिकेचीच नात दिसते. वातावर तेल चोळावे हा तर वैद्यांचा जुना दंडक. घरोघरी काशाच्या वाटीने तळपाय घासतात, तीही याच कुळातली.

हल्ली मात्र या वाटीशेजारी एक नवी डबी येऊन बसली आहे. शहरातली मुले दिवाळीला घरी येताना आईवडिलांसाठी मॅग्नेशियमच्या गोळ्या आणतात. गोळ्यावर गोळी! कोणी म्हणते, चार दिवसांत फरक पडला. कोणी म्हणते, पैसे पाण्यात गेले. खरे काय, हे पाहायचे तर या पदार्थाचा इतिहास थोडा उलगडला पाहिजे.

इंग्लंडात एप्सम नावाचे गाव आहे. १६१८ च्या उन्हाळ्यात तेथल्या एका शेतकऱ्याची तहानलेली गुरे एका डबक्याचे पाणी तोंडाला लावीनात, अशी कथा सांगतात. पाणी कडू होते. पुढे त्या पाण्याने पोट साफ होते असा लौकिक झाला आणि गावात रोग्यांची रीघ लागली. १६९५ मध्ये नेहेमाया ग्रू या वैद्याने त्यातल्या क्षारावर पुस्तक लिहिले. तेच एप्समचे मीठ, म्हणजे आपल्या दवाखान्यांतले मॅगसल्फ. १८०८ मध्ये हम्फ्री डेव्ही याने विजेच्या साहाय्याने मॅग्नेशियम धातू वेगळा केला.

आमच्या भागातल्या शेतकऱ्याला मॅग्नेशियमची ओळख औषधाच्या दुकानात झालेली नाही. ती कपाशीच्या वावरात झाली. पऱ्हाटीची पाने लाल पडू लागली की त्याला ‘लाल्या’ म्हणतात. त्याच्या अनेक कारणांपैकी मॅग्नेशियमची उणीव हे एक, म्हणून मॅग्नेशियम सल्फेट फवारतात. पानाच्या हिरव्या रंगद्रव्याच्या कणात, अगदी मध्यभागी, मॅग्नेशियमचा अणू बसलेला असतो. तो नसेल तर पान हिरवे राहायचे कसे?

माणसाच्या शरीरातही सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत, आणि रक्तात शंभरातला एक भागही नाही. स्नायू आवळला जातो कॅल्शियममुळे. तो सैल होण्याच्या कामी मॅग्नेशियमचा हात असतो. शरीरात त्याची फारच टंचाई झाली तर स्नायू खरोखरच आखडतात. यावरून लोकांनी साधा हिशेब मांडला : पोटरी आखडली, त्याअर्थी मॅग्नेशियम कमी पडले. हिशेब सुरेख आहे; पण पोटरी म्हणजे कपाशीचे पान नव्हे.

२०१७ साली इस्राएलमधील वैद्यांनी रात्री गोळे येणाऱ्या ९४ जणांवर याची कसोटी घेतली. निम्म्यांना मॅग्नेशियम, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. चार आठवड्यांनी पाहिले, तर दोन्हीकडे आठवड्याला सरासरी तीनएक गोळे कमी झाले होते! म्हणजे ‘फरक पडला’ म्हणणारे खोटे बोलत नव्हते. फक्त श्रेय मॅग्नेशियमचे नव्हते. अशा अनेक चाचण्यांचा २०२० मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. वयस्कर माणसांच्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा लक्षात येण्याजोगा उपयोग संभवत नाही, असा त्याचा निष्कर्ष निघाला. गरोदर स्त्रियांबाबत मात्र पुरावा उलटसुलट आहे. शिवाय मात्रा वाढली की हेच औषध एप्समच्या पाण्यासारखे जुलाब लावते, आणि ज्यांचे मूत्रपिंड दुबळे त्यांच्या रक्तात साचून घात करू शकते.

याउलट, २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये पंचावन्नच्या पुढच्या ८० जणांवर झालेल्या प्रयोगात निजण्यापूर्वी पोटऱ्या ताणणाऱ्यांचे गोळे सहा आठवड्यांत कमी झाले. वारीतला तो अंगठा ओढणारा हात काही अगदीच अडाणी नव्हता म्हणायचा.

आता दुसऱ्या दुखण्याकडे वळतो, कारण तेच मला अधिक महत्त्वाचे वाटते. गोळा येत नाही, पण अंथरुणाला पाठ टेकली की पायांत किडे वळवळल्यासारखे होते. पाय हलवला, चार पावले चालले की बरे वाटते, पुन्हा निजले की पुन्हा तेच. टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ मध्ये हे वर्णन केले, आणि स्वीडनच्या कार्ल-आक्सेल एकबोम याने १९४५ मध्ये त्यावर ग्रंथ लिहून त्याला ‘अस्वस्थ पाय’ हे नाव मिळवून दिले. शरीरातल्या लोहाच्या उणिवेशी याचा संबंध असल्याचे त्याच सुमारास दिसून आले. मॅग्नेशियमच्या बाजूचा पुरावा येथेही तोकडाच आहे.

आपल्या घरांत या दुखण्याला नाव नव्हते; होता तो फक्त धाक. ‘पाय हलवू नकोस, घरातली लक्ष्मी जाते,’ हे ऐकत कितीएक सुना-लेकी रात्रभर तळमळत पडून राहिल्या असतील! २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. गरोदरपणी हे दुखणे अधिक बळावते, हेही ठाऊक झाले आहे.

म्हणून वाचकांना सांगणे एवढेच, की या लक्ष्मीपूजनाला घरातली कोणी पाय हलवीत बसलेली दिसली तर तिला रागावू नका, आणि परस्पर डबीही हाती देऊ नका. दवाखान्यात नेऊन तिच्या रक्तातले लोह तपासून घ्या. उणे असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ते भरून काढता येते. घरातली लक्ष्मी पाय हलविल्याने जात नाही. ती रात्र-रात्र जागून झिजते.